क्रीडारसिकांची राजधानी कोणती?

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका मुंजीच्या निमित्तानें परदेशस्थ मंडळी जमली होती. कार्य पार पडलें, पाहुणे पांगले, आणि रात्रीं ओसरीवर सतरंज्या घातल्यावर आमच्या पुतण्यांत असा कांहीं वाद जुंपला कीं, स्वयंपाकघरांतील मंडळीही हातांतील कामें टाकून उंबऱ्याशीं येऊन उभी राहिली. एक पुतण्या बोस्टनचा रहिवासी, दुसरा शिकागोचा व तिसरा कॅलिफोर्नियांतील ओकलंडचा. विषय वडिलोपार्जित घराच्या वांटणीचा नव्हता. खेळ पाहण्याची आवड असलेल्या माणसानें अमेरिकेंत कोणत्या शहरीं राहावें, हा तो विषय! पहिले दोघे हमरीतुमरीवर आले, तेव्हां "काका, आतां तुम्हीच निवाडा द्या," म्हणून प्रकरण आमच्यापुढें आलें.

आम्ही बेसबॉलचा एकही सामना क्रीडांगणावर बसून पाहिलेला नाहीं, हें आरंभींच कबूल करतों. तथापि लहानपणीं तर्कसंग्रह घोकलेल्या माणसास एक गोष्ट ठाऊक असते. असले वाद बहुधा वस्तूविषयीं नसतात, लक्षणाविषयीं असतात. शिंगें असणें हें गाईचें लक्षण केलें, तर म्हैसही गाय ठरते; ही अतिव्याप्ति. कपिल वर्ण हें लक्षण केलें, तर बिचारी पांढरी गाय गोठ्याबाहेर राहते, ही अव्याप्ति. तेव्हां "उत्तम शहर" म्हणजे काय, तें प्रत्येकानें आधीं सांगावें, मग आम्ही परीक्षा करूं, असें आम्हीं ठरविलें.

वाचकांच्या सोयीसाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंत चार सांघिक खेळांचा मोठा बोलबाला आहे. बेसबॉलची जुनी लीग 1876 सालची, बर्फावरील हॉकीची 1917 ची, बास्केटबॉलची 1946 ची. आणि ज्यांत चेंडू पायापेक्षां हातानेंच अधिक नेला जातो, त्या अमेरिकन फुटबॉलची 1920 ची. प्रत्येक लीगमध्यें ठराविक संघ असतात आणि बहुतेक संघांच्या नांवास एखाद्या शहराचें किंवा प्रांताचें नांव जोडलेलें असतें.

बोस्टनकरानें लक्षण केलें कीं, जेथें अजिंक्यपदें अधिक, तें शहर उत्तम. त्याच्याजवळ पुरावा भरपूर होता. बोस्टनच्या सेल्टिक्स संघानें 2024 पर्यंत बास्केटबॉलचीं 18 अजिंक्यपदें मिळविलीं आहेत. बेसबॉलच्या रेड सॉक्स संघाचीं 9, हॉकीच्या ब्रुइन्सचीं 6, आणि शहराबाहेर फॉक्सबरो येथें खेळणाऱ्या पेट्रियट्स संघाचीं फुटबॉलचीं 6. रेड सॉक्सचें फेनवे पार्क हें क्रीडांगण 20 एप्रिल 1912 रोजीं उघडलें. त्या मोठ्या लीगमध्यें आज वापरांत असलेलें हेंच सर्वांत जुनें होय. त्याच्या डाव्या अंगास 37 फुटांहून उंच अशी हिरवी भिंत आहे व तीस लोक कौतुकानें "हिरवा राक्षस" म्हणतात.

आम्हीं विचारलें, "रेड सॉक्सनें पदें कधीं कधीं मिळविलीं?" तेव्हां पुतण्या किंचित् अडखळला. 1918 नंतर थेट 2004. मध्यंतरीं बेब रूथ नामक असामान्य खेळाडू त्यांच्या मालकानें न्यूयॉर्कच्या यांकीज संघास विकून टाकला, आणि पुढें 86 वर्षें बोस्टनकरांनीं पराभवच पाहिले. म्हणजे पद हें लक्षण मानलें, तर त्या 86 वर्षांत दर उन्हाळ्यांत फेनवे पार्कच्या लाकडी खुर्च्यांवर जाऊन बसणारे आजे-पणजे रसिकच नव्हते कीं काय? ही उघड अव्याप्ति. शिवाय एकट्या यांकीज संघाचीं बेसबॉलचीं 27 पदें आहेत. त्या हिशेबानें निदान बेसबॉलपुरतें बोस्टनकरानें न्यूयॉर्कास बिऱ्हाड हलवावयास हवें! हें ऐकतांच तो असा कांहीं दचकला कीं, त्याचें लक्षण त्यानें आपण होऊनच मागें घेतलें.

शिकागोकर यावरच टपून होता. त्याचें म्हणणें, खरी कसोटी धीराची. त्याच्या कब्ज संघानें 1908 नंतर बेसबॉलचें पद मिळविलें तें 2016 मध्यें. मध्यें 108 वर्षें गेलीं. त्यांच्या रिगली फील्ड या 1914 सालच्या क्रीडांगणावर 1988 पर्यंत विजेचे दिवेसुद्धां नव्हते. सामने दिवसाउजेडीं व्हावयाचे. 2016 च्या विजयानंतर लोक त्या क्रीडांगणाच्या विटांच्या भिंतींपाशीं खडू घेऊन गेले आणि हा दिवस पाहावयास जे उरले नाहींत, त्या आईबापांचीं व आजोबांचीं नांवें त्यांनीं तेथें लिहिलीं. हें ऐकून ओसरी क्षणभर शांत झाली. ज्या खडूनें आम्ही आयुष्यभर फळ्यावर विभक्ति लिहिल्या, त्याचा हा उपयोग आमच्या ध्यानीं कधीं आला नव्हता.

तरीही दोष राहतोच. दुःख हेंच लक्षण धरलें, तर तें पुष्कळ ठिकाणीं लागूं पडतें. क्लीव्हलंड शहरास 1964 नंतर या चार खेळांपैकीं एकाचेंही पद 2016 पर्यंत मिळालें नाहीं. बफेलोचा फुटबॉल संघ 1991 ते 1994 या चार वर्षीं ओळीनें अंतिम सामन्यापर्यंत पोंचला आणि चारही वेळां हरला. धीर हा गुण खरा. परंतु त्याची तोळामाशानें तुलना करणें म्हणजे कोणाच्या घरचें सुतक मोठें हें ठरविण्यासारखें आहे.

इतक्यांत आमच्या सूनबाईंनीं उंबऱ्यावरूनच विचारलें, "या सगळ्या हिशेबांत बायकांचे संघ कोठें आहेत?" प्रश्न बिनतोड होता. कॅन्सस सिटी येथें महिलांच्या व्यावसायिक संघासाठीं म्हणून मुद्दाम बांधलेलें सुमारें साडेअकरा हजार आसनांचें फुटबॉलचें क्रीडांगण 2024 च्या मार्चमध्यें उघडलें. हा फुटबॉल पायानें खेळावयाचा, आपल्या ओळखीचा. दोघाही पंडितांच्या याद्यांत त्याचा उल्लेख नव्हता. आणखी एक अव्याप्ति पदरांत पडली.

तिसरा पुतण्या या वेळपर्यंत कांहींच बोलला नव्हता. त्यास विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "काका, मी वादांत नाहीं. आमच्या गांवांत आतां मोठा संघच उरलेला नाहीं."

ओकलंडची हकीकत अशी. तेथें तीन खेळांचे तीन मोठे संघ होते. बास्केटबॉलचा वॉरियर्स 2019 मध्यें खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोस गेला. फुटबॉलचा रेडर्स 2020 मध्यें लास वेगासला गेला. बेसबॉलचा अॅथलेटिक्स 2024 चा हंगाम संपतांच ओकलंड सोडून गेला; लास वेगासचें क्रीडांगण तयार होईपर्यंत त्यानें सॅक्रामेंटोजवळ आसरा घेतला. मालकाचें म्हणणें लोक येत नाहींत. लोकांचें म्हणणें मालक चांगले खेळाडू घालवून टाकतो, क्रीडांगण सुधारीत नाहीं, मग यावें कशास? 13 जून 2023 रोजीं लोकांनीं उलटा बहिष्कार पुकारला, म्हणजे न येण्याऐवजीं मुद्दाम आले. ज्या क्रीडांगणांत त्या वर्षीं खुर्च्या रिकाम्या पडत, तेथें त्या दिवशीं 27,759 माणसें जमलीं आणि "संघ विका" असा एकच घोष करीत राहिलीं. संघ राहिला नाहीं. 26 सप्टेंबर 2024 रोजीं तेथें शेवटचा सामना झाला. पुतण्या आपल्या मुलास घेऊन त्या दिवशीं गेला होता. "मुलानें विचारलें, आपण तर जिंकलों, मग सगळे रडतात कां? मला उत्तर देतां आलें नाहीं," एवढेंच तो म्हणाला.

येथें आमच्या ध्यानांत आलें कीं, पहिल्या दोघांनीं जें गृहीत धरलें होतें, तेंच मुळांत तपासलें पाहिजे. संघ शहराचा असतो, हें गृहीत. नांव शहराचें असलें तरी मालकी व्यक्तीची असते. लीगमधील संघांची संख्या मर्यादित. संघ हवा असलेलीं शहरें मात्र अधिक. त्यामुळें मालक एका शहरास सांगूं शकतो कीं, नवें क्रीडांगण बांधून द्या, नाहीं तर दुसरें शहर वाट पाहत आहे. 1957 च्या हंगामानंतर ब्रूकलिनचा डॉजर्स संघ लॉस एंजेलिसला नेला गेला. ज्या संघांतून 15 एप्रिल 1947 रोजीं जॅकी रॉबिन्सन यानें त्या काळच्या वर्णभेदाची भिंत फोडली, तोच हा संघ. 1984 च्या मार्चमध्यें बाल्टिमोरचा कोल्ट्स संघ एका रात्रींत मालमोटारींत सामान भरून इंडियानापोलिसला गेला. सकाळीं गांव उठून पाहतें तों संघ नाहीं. संघाचें वाद्यवृंद-पथक मात्र मागें राहिलें आणि पुढें कित्येक वर्षें संघावांचून वाजत राहिलें.

न्यायबुद्धीस स्मरून हेंही सांगितलें पाहिजे कीं, ओकलंडही सर्वस्वी निर्दोष नाहीं. अॅथलेटिक्स हा मूळ फिलाडेल्फियाचा संघ. 1955 मध्यें तो कॅन्सस सिटीस गेला व तेथून 1968 मध्यें ओकलंडास आला. कॅन्सस सिटीकरांचें दुःख तेव्हां ओकलंडकरांनीं मोजलें होतें काय? पुतण्यानें प्रांजळपणें मान हालविली.

मग असें शहर आहे काय, कीं जेथून संघ कोणास हलवितां येणार नाहीं? एक आहे. विस्कॉन्सिन प्रांतांत ग्रीन बे नांवाचें गांव आहे. 2020 च्या शिरगणतींत त्याची वस्ती एक लक्ष सात हजारांच्या आसपास भरली. एवढ्याशा गांवाचा पॅकर्स हा फुटबॉल संघ 1919 मध्यें निघाला, 1921 मध्यें लीगमध्यें आला, आणि 1923 पासून तो लोकांच्या मालकीचा आहे. त्याचे भागधारक पांच लक्षांहून अधिक आहेत. या भागांवर लाभांश मिळत नाहीं, ते बाजारांत विकतां येत नाहींत, आणि उद्यां संघ मोडून विकलाच, तरी येणारा पैसा कोणा भागधारकास न जातां धर्मादायास जातो. मग भाग घेऊन मिळतें काय? एक कागद, आणि वार्षिक सभेस बसण्याचा हक्क. लीगच्या आजच्या नियमांप्रमाणें अशी व्यवस्था दुसऱ्या कोणत्याही संघास करतां येत नाहीं. ग्रीन बेची जुनी म्हणून चालूं दिली आहे.

त्यांचें लॅम्बो फील्ड 1957 मध्यें उघडलें. त्यांत आतां 81 हजारांवर माणसें बसतात, म्हणजे गांवाच्या दर चार माणसांतील तिघें. 1960 पासून हंगामी तिकिटें शिल्लक राहिलेलीं नाहींत. प्रतीक्षायादींत लक्षाहून अधिक नांवें आहेत आणि लोक नवजात बालकाचें नांवही तींत घालतात. 31 डिसेंबर 1967 रोजीं उणे 25 अंशांच्या थंडींत लोकांनीं तेथें अंतिम सामन्याच्या आधींचा निर्णायक सामना पाहिला. आणि एक रीत आम्हांस फार आवडली. उन्हाळी सरावाच्या वेळीं खेळाडू गांवांतल्या मुलांच्या लहानग्या सायकलींवर बसून मैदानाकडे जातात व सायकलीचा धनी शिरस्त्राण संभाळीत शेजारून धांवतो.

दोष येथेंही आहेत. बेसबॉल किंवा बास्केटबॉल पाहावयाचा तर मिल्वॉकीची वाट धरावी लागते. क्रीडांगणाच्या दुरुस्तीसाठीं 2000 सालीं जिल्ह्यानें विक्रीवर अर्धा टक्का कर बसविण्यास कौल दिला व तो लोकांनीं 2015 पर्यंत भरला. पण तो आपल्या घरास भरला, कोणा धनिकाच्या कोठीस नव्हे.

तेव्हां आम्हीं निवाडा दिला: ज्या शहरीं रसिकाचें प्रेम परक्याच्या हिशेबावर अवलंबून नाहीं, तें उत्तम शहर, आणि तें ग्रीन बे. बोस्टनकर व शिकागोकर यांनीं कुरकुर करीत कां होईना, तो मान्य केला.

सभा उठणार, इतक्यांत आमच्या वहिनी, म्हणजे ओकलंडकराच्या मातोश्री, आपल्या मुलास सहज म्हणाल्या, "अरे, संघ गांव सोडून गेला तर एवढें वाईट वाटलें तुला. तूं गेलास तेव्हां आम्हांलाही असेंच कांहीं झालें होतें रे." त्यांच्या बोलण्यांत रोष नव्हता. परंतु आमच्या लक्षणांत या वाक्यास जागा नव्हती, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे. मालक पैशासाठीं संघ नेतो आणि मुलगा विद्येसाठीं, पोटासाठीं जातो. दोन्ही एक नव्हेत. तथापि मागें राहणाऱ्याच्या बाजूनें पाहिलें तर रिकामी जागा सारखीच दिसते.

पुतण्या बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानें सांगितलें कीं, ओकलंडांत 2024 पासून बॉलर्स नांवाचा एक लहान बेसबॉल संघ निघाला आहे; तो धाकट्या लीगमध्यें खेळतो, त्याचे कांहीं भाग गांवकऱ्यांनीं घेतले आहेत, आणि 2025 मध्यें त्यानें आपल्या लीगचें अजिंक्यपदही मिळविलें. "मोठा संघ गेला, पण खेळ पाहावयाची संवय राहिली. आतां मुलाला तेथें घेऊन जातों," तो म्हणाला. "आणि पुढच्या उन्हाळ्यांत त्याला दोन महिने इकडे ठेवतों."

वहिनींनीं लगेच विचारलें, "दोन महिने कीं दोन आठवडे, तें आतांच सांग." या प्रश्नाचा निवाडा आमच्याकडे मागण्यांत आला नाहीं. तो माय-लेकांनीं ओसरीवरच लावला, आणि दिनदर्शिकेवर तारीखही घातली आहे.