चव्वेचाळीस पैशांचा उजेड

मैफलीत मागच्या रांगेत बसून मोबाइलचा फ्लॅश मारणाऱ्या माणसाविरुद्ध माझी फिर्याद आहे. तो फोटो काढतो, ही तक्रार नव्हे. फोटो खुशाल काढा. लग्नात भटजींना थांबवून मंगळसूत्र पुन्हा घालायला लावणारी आपण माणसे. गाण्याला कशी सोडणार? फिर्याद अशी की, हा इसम माझा अंधार चोरतो आणि त्यातून त्याच्याही हाती काही लागत नाही.

मी कॉमर्सचा माणूस. पदार्थविज्ञानाशी माझे संबंध दहावीलाच संपले. पण उजेडाचा हिशेब तेवढा डोक्यात राहिला आहे: अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा नव्हे, पावपट होतो. आता समजा, तुमच्या पुढ्यातले टक्कल २ मीटरवर आहे आणि गवई ३० मीटरवर. अंतर १५ पट, म्हणजे उजेड २२५ पट कमी. बँकेच्या भाषेत सांगायचे तर टकलाच्या खात्यात १०० रुपये जमा झाले तर गवयाच्या खात्यात ४४ पैसे! आमच्या काउंटरवर कुणी असा व्यवहार केला असता, तर ‘बरोबर घरचं कुणी आलंय का?’ अशी आम्ही हळूच चौकशी केली असती. इथे मात्र मंडळी दर पाच मिनिटांनी ते टक्कल उजळून घेतात आणि घरी जाऊन ‘बुवांचा फोटो’ म्हणून दाखवतात.

‘मग अंधारात फोटो काढायचा तरी कसा?’ असे कुणी विचारील. अहो, अंधार तुमच्याभोवती आहे, गवयाभोवती नाही. त्याच्यावर आयोजकांनी चांगले दिवे सोडलेले असतात. घोटाळा होतो तो मागच्या काळ्या पडद्यामुळे. मोबाइलला वाटते, सगळाच काळोख. म्हणून तो चित्र उजळत सुटतो आणि बुवांचा चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा दिसू लागतो. तेव्हा पडद्यावर बुवांच्या चेहऱ्यावर बोट ठेवावे आणि उजेड थोडा उतरवावा. झाले काम. ‘नाइट मोड’च्या नादी तर लागूच नये. तो सेकंदभर, कधी त्याहूनही जास्त वेळ, एकामागून एक चित्रे घेऊन ती एकत्र सांधतो. तेवढ्यात द्रुत तानेतला हात कुठल्या कुठे जाऊन येतो आणि बुवांची अष्टभुजा देवी होते.

पूर्वी रोलच्या जमान्यात ३६ फोटोंत रोल संपायचा. ४०० चा रोल घालायचा, तो १६०० चा समजून वापरायचा आणि धुताना औषधात जास्त वेळ ठेवायचा. मग रव्यासारखी कणी उठलेला का होईना, फोटो निघे. एकेक फोटो म्हणजे खिशाला चाट, म्हणून माणूस वाट बघायचा. कशाची? समेची! समेवर गवयाचा हात खाली येतो, क्षणभर थांबतो आणि चेहरा उजळतो. तोच फोटो. पण सम येतेय हे कळायला आधी गाणे ऐकावे लागते. पुण्याच्या सतीश पाकणीकरांनी काढलेली गवयांची प्रकाशचित्रे पाहा. ती ऐकणाऱ्या माणसाने काढली आहेत, हे माझ्यासारख्या कारकुनालाही कळते.

आमचे हल्लीचे कलावंत ऐकतच नाहीत. गेल्या हिवाळ्यात एका सभागृहात विलंबित सुरू होताच माझ्या पुढच्या गृहस्थांनी फोन डोक्यावर धरला.

“काका, जरा खाली घेता का?”

“अहो, आठवण म्हणून काढतोय!”

“पण गाणं अजून चालू आहे. संपल्याशिवाय आठवण कशी होईल?”

“मग तुम्हाला दिसतंय ना? ह्यात बघा की!”

मी तिकीट अख्ख्या गवयाचे काढले होते. सहा इंचांचा बघून घरी आलो.

हसण्यावारी नेऊ नका. दिवसभर दुसऱ्याच्या नोटा मोजणाऱ्या माणसाला एखाद्या गंधारावर डोळे भरून आले, तर ते पुसायला अंधार लागतो. विशेषतः शेजारी आमचे मॅनेजरसाहेब असले तर. नेमका त्याच क्षणी लखकन उजेड पडतो. डोळे कोरडे होतात, आणि तो गंधार काही पुन्हा तसाच लागत नाही.

अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेट इटलीतल्या पेरूजा गावी २००७ साली वाजवायला बसण्याआधीच कॅमेरेवाल्यांवर शिव्या देत कडाडला होता. आपले गवई सोशीक. फार तर डोळे मिटून घेतात. त्यालाही ‘काय तल्लीनता!’ म्हणून आपण फ्लॅश मारतो.

पाश्चात्त्य रॉक मैफलींत वृत्तपत्रांच्या फोटोग्राफरांना बहुधा पहिल्या तीन गाण्यांपुरतीच मुभा असते, तीही फ्लॅशविना. आपल्याकडे तीन गाणी म्हटली तर रात्र सरेल. म्हणून माझी मागणी साधी आहे: तंबोरे जुळताना काढा आणि शेवटी टाळ्या पडताना काढा. दिवे तेच, बुवा तेच, शिवाय टाळ्यांच्या वेळी हसरे. मधल्या वेळी फोन खिशात आणि फ्लॅश कायमचा बंद.

आणि एवढे सांगूनही कुणाला फ्लॅश मारायचाच असेल, तर त्याने निदान पुढच्या टकलाच्या मालकाला आधी कल्पना द्यावी. फोटो त्याचाच निघणार आहे; उरलेले चार केस तरी बिचारा नीट बसवून घेईल.