आपले ‘कारण’ आपणच लिहावे

खेड्यातल्या पोरांना मिश्र वाक्य हवे कशाला, असा सवाल काही शहाणीसुरती माणसे करतात. लहान वाक्य तेवढे मराठमोळे, गौण वाक्य हे इंग्रजी व्याकरणाचे लचांड. साहेब गेला, तसे तेही जावे, असे त्यांचे म्हणणे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. कादंबऱ्याही लिहितो. पण हे ऐकले की माझे माथे भडकते.

आमच्या पेडगावातली अक्षरशत्रू म्हातारी ‘पिकते तेथे विकत नाही’ म्हणते, तेव्हा ती क्रियाविशेषणवाक्यच वापरते. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ यात विशेषणवाक्य आहे. ‘असतील शिते तर जमतील भुते’ यात संकेत आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली व्याकरण छापले, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ दिले. त्यांनी नावे ठेवली. माल आमच्या घरचाच होता.

मग पोरे असे लिहीत का नाहीत? दोष आम्हा मास्तरांचा. वाक्यसंकलन आम्ही गुणांपुरते शिकवतो. ‘कारण’ घातले की मिश्र, ‘म्हणून’ घातले की संयुक्त, एवढे पोर घडाघडा सांगते. अर्थ कोठे फिरला, हे त्याला कोणी विचारीत नाही.

त्याचे फळ मी पाहिले आहे. एका ओल्या सालात माझ्या वर्गातल्या मुलाने बापासाठी अर्ज लिहिला : ‘सोयाबीन आले. पाऊस लागला. पाणी साचले. सोयाबीन गेले.’ चारही वाक्ये खरी. एकाचाही दुसऱ्याला हात नाही. कागदावर शेरा पडला : ‘नुकसान झाले, कारण काढणी वेळेवर केली नाही.’ जोडणी पोराने केली नाही, ती कारकुनाने केली!

मग आम्ही दोघे बसलो. पोराने लिहिले, ‘सोयाबीन जरी काढणीला आले होते, तरी ते काढता आले नाही, कारण शेतात गुडघाभर पाणी होते.’ त्या ‘जरी-तरी’त बापाची मेहनत आली आणि ‘कारण’ने त्याच्यावरचा ठपका पुसला. अर्जाचे पुढे काय झाले, हा भाग निराळा. बापाची बाजू निदान कागदावर उभी राहिली.

निजामाच्या अमलात, १९४८ पर्यंत, सरकारदरबारी उर्दू चाले. आमच्या आज्यांना आपले कारण दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे लागे. आता दरबाराची भाषा आमची आहे. तरीही आमच्या नातवंडांचे कारण दुसऱ्यानेच लिहावे काय?

लहान वाक्याशी माझे वैर नाही. ज्याला जोडता येते, त्याने खुशाल तोडावे. पण ज्याला जोडायला शिकवलेच नाही, त्याला साधेपणाचे गोडवे सांगणे ही त्याची फसवणूक आहे. दिवाळीची सुटी संपली की, मास्तरहो, ती अव्ययांची यादी फळ्यावरून पुसा आणि पोरांच्या प्रत्येक वाक्याला विचारा : ‘का रे?’