नाक त्यांचं, रोग आमचा

२०२३ साली पॅरिसमध्ये युरोपातल्या मानसोपचारवाल्यांची परिषद भरली. तिथं स्वीडनच्या संशोधकांनी एक प्रयोग मांडला. काही माणसांना सिनेमे दाखवले, कुणाला हसवणारे, कुणाला घाबरवणारे. त्यांच्या काखेतला घाम टिपून घेतला. मग चारचौघांत जायला घाबरणाऱ्या ४८ बायका घेतल्या, त्यांना मन शांत करायचे धडे दिले आणि त्यातल्या काहींना तो घाम हुंगवला. नुसते धडे घेणाऱ्यांची भीती १७ टक्क्यांनी उतरली. घाम हुंगणाऱ्यांची ३९ टक्क्यांनी. घाम हसलेल्याचा की घाबरलेल्याचा, यानं फरक पडला नाही. माणसाचा होता, बस्स.

प्रयोग लहान आहे, पहिलावहिला आहे. उद्या तो खोटाही ठरेल. पण माणसाच्या घामानं माणसाचं मन बरं होतं, हे वाचून मी मोठ्यानं हसलो. मग ते हसू घशातच अडकलं. कारण माझं मन ज्यानं नासलं तोही माणसाचा घामच होता. फक्त त्या घामाला जात होती.

माझा बाप गटारात उतरायचा. उतरायच्या आधी अंगाला तेल चोळायचा आणि पावशेर पोटात ढकलायचा. शुद्धीतलं नाक घेऊन त्या भोकात कुणाला उतरता येत नाही. बाप बेवडा आहे म्हणणाऱ्यांनी एकदा झाकण उघडून बघावं. संध्याकाळी नळावर बसून तो लाल साबणानं स्वतःला खरवडून काढायचा. माय त्याचे कपडे घराबाहेर दगडाखाली ठेवायची. तरी आधी वास यायचा आणि मग बाप.

मी शिकलो. हापिसात चिकटलो. पहिल्या महिन्यात आडनाव कळलं, दुसऱ्या महिन्यात बाप काय करतो ते कळलं, तिसऱ्या महिन्यात शेजारच्या टेबलावर सुगंधी फवारा आला. मी येऊन बसलो की फुस्स. तोंडानं कुणी काही बोललं नाही. मी सकाळी दोनदा आंघोळ करू लागलो, मग तीनदा. खिशात अत्तराची बाटली. लोकलमध्ये दारातच उभा, वाऱ्याच्या तोंडी. डबा एकट्यानं खायचा. रात्री स्वतःचा सदरा हुंगत बसायचं. झोप उडाली. शेवटी मनाच्या डॉक्टरकडे गेलो.

भला माणूस होता. म्हणाला, "तुमच्या अंगाला वास येतो असं तुम्हाला वाटतं?"

म्हटलं, "मला नाही येत साहेब. त्यांना येतो."

त्यानं लिहून घेतलं. जात विचारली नाही. मीही सांगितली नाही.

या रोगाला नाव आहे. १९७१ साली प्राइस-फिलिप्स नावाच्या डॉक्टरनं त्याला 'ऑल्फॅक्टरी रेफरन्स सिंड्रोम' म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची अकरावी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात त्याला स्वतंत्र जागा मिळाली. आपल्या अंगाला घाण वास येतो असं रोग्याच्या डोक्यात बसतं. तो वास दुसऱ्यांना येतच नसतो किंवा नावापुरता येत असतो. रोगी सारखा धुतो, सारखा हुंगतो, माणसं टाळतो. लोक आपल्यामुळे नाक धरतात असं त्याला वाटतं.

वाटतं! दोस्तहो, माझा सगळा झगडा या 'वाटतं'शी आहे. रोग खरा आहे, त्यात माणसं खंगतात, त्याची टिंगल मी करत नाही. पण ज्या देशात पिढ्यान् पिढ्या एका वस्तीनं दुसऱ्या वस्तीला बघून नाकाला पदर लावला, तिथं भ्रम कुठला आणि अनुभव कुठला हे कुठल्या तराजूनं तोलायचं? फवारा माझ्या डोक्यात होता की टेबलावर? डॉक्टरच्या कागदावर मी रोगी. मग फवारा मारणारी बाई कोण? तिच्यासाठी कुठल्या यादीत जागा आहे?

आणि तिचं नाक काही निसर्गानं तसं दिलेलं नाही. हे मी म्हणत नाही, त्यांचीच प्रयोगशाळा म्हणते. २००५ साली ऑक्सफर्डमध्ये डी अराउजो, रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एक वास दिला. आयसोव्हॅलेरिक आम्लाचा, थोडी चीजची झाक असलेला. वास एकच, पण समोर कधी चिठ्ठी 'चेडर चीज', कधी चिठ्ठी 'अंगाचा वास'. चीज वाचलं की लोक म्हणाले, बरा आहे. अंगाचा वास वाचलं की नाकं मुरडली. खोटं बोलत नव्हते ते. मेंदूची चित्रं काढली तर मेंदूसुद्धा चिठ्ठीप्रमाणे वेगळा वागत होता. तिकडे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत पामेला डाल्टन यांनी १९९०च्या दशकात असंच दाखवलं. हा वास अपायकारक आहे असं सांगून एखाद्याला तो दिला की त्याला तो जास्त उग्र लागतो, वर घसा खवखवतो, डोकं दुखतं. तोच वास निरुपद्रवी म्हणून दिला की माणूस त्याला थोड्या वेळात सरावतो.

म्हंजे काय? नाक आधी चिठ्ठी वाचतं आणि मग वास घेतं. आमच्या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या हे तुम्हाला सांगायला नको. जातीचं घर मनात आहे असं बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावलं होतं. त्या घराचा दरवाजा नाकात आहे, एवढीच भर आता विज्ञानानं घातली.

हा दरवाजा साधा नाही. डोळ्यानं पाहिलेलं, कानानं ऐकलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतं, मग पुढं जातं. वासाला तो नाका लागत नाही. नाकाच्या मुळाशी असलेल्या गंधकंदातून तो थेट भीती आणि किळस जिथं उमटते त्या भागात घुसतो. वास ओळखणाऱ्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांनी १९९१ साली लावला, २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. पुढं ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २०१० साली मोजून दाखवलं की तीव्र नैराश्यातल्या रोग्यांचा गंधकंद निरोग्यांपेक्षा लहान भरतो. उंदराचा गंधकंद काढून टाकला तर तो असा बिथरतो, की नैराश्यावरची औषधं तपासायला तोच उंदीर वापरतात. नाक आणि मन इतकी एकात एक गुंतली आहेत.

मग मला सांगा, नाक मारून जगणाऱ्यांच्या मनाचं काय? गटारात हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास मारतो. दहा लाखांत शंभर भागांपर्यंत चढला की वासाची जाणीवच बधिर करतो. वास गेला, माणसाला वाटतं हवा निवळली, आणि तो आणखी खाली उतरतो. २०१३ साली कायदा झाला. मरणाची भरपाई २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं दहा लाख ठरवली, २०२३ साली तीस लाख केली. भाव वाढला, माणूस अजून उतरतोच आहे. पॅरिसच्या परिषदेत घामाच्या कापसाला जागा आहे. या बधिर नाकांना कुठल्या परिषदेत जागा आहे?

आणखी एक. स्टॉकहोमच्या संशोधकांनी २०१८ साली छापलं की दुसऱ्याच्या अंगाच्या वासाची ज्यांना जास्त किळस येते, ते हुकूमशाही विचारांकडे जास्त झुकलेले दिसतात. २०२३ साली नऊ देशांत पाहिलं, तर हीच किळस परक्यांच्या द्वेषाशी जोडलेली निघाली. हा संबंध फार जबर नाही आणि कशामुळे काय झालं हे त्यानं सिद्ध होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण दिशा बघा. पहिल्यांदा कुणीतरी हुंगणाऱ्याला तपासायच्या टेबलावर घेतलं. हा प्रयोग इथं करा. नाकाने कांदे सोलणाऱ्या सोसायट्यांमध्ये करा, लिफ्ट वेगळी ठेवणाऱ्यांवर करा. रोगी सापडतील, खाटा पुरणार नाहीत.

आता आपल्याबद्दल. नुसत्या शिव्या देऊन सुटका नाही.

पहिल्या पगाराच्या दिवशी बाप हापिसाच्या फाटकाशी आला होता. कामावरूनच. मला बघून दोन पावलं पुढं आला. बरोबर हापिसातले लोक होते. मी दोन पावलं मागं सरलो. त्यानं ती पावलं मोजली असणार. त्यानंतर मरेपर्यंत तो माझ्या हाताच्या अंतरात आला नाही. त्या दिवशी त्यांचं नाक माझ्या तोंडावर बसलं होतं.

२०२१ मध्ये करोनानं माझा वास गेला. बाप तेव्हा नव्हता. अत्तर, फोडणी, पाऊस, सगळं मेलं. वास गेलेली माणसं उदास होतात म्हणतात; मी पार आटलो. गेलेलं नाक शिकवून परत आणायची एक रीत ड्रेस्डेनच्या हुमेल यांनी २००९ साली मांडली होती: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, रोज दोन वेळा हुंगायचं. मी त्यात लाल साबणाची वडी घातली. दोन महिने काही नाही. मग एका सकाळी त्या वडीतून काहीतरी आत सरकलं आणि मागोमाग नळ आला, दगडाखालचे कपडे आले, बाप आला. ज्या वासापासून मी पळत होतो त्याच्यातच माझ्या मेंदूनं बाप जपून ठेवला होता.

म्हणून गड्यांनो, वस्तीवरून जाताना रुमाल काढायच्या आधी स्वतःला विचारा, हे नाक कुणाचं आहे? घाणीला घाण म्हणा. ती साफ करायला यंत्र मागा, माणसाला उतरवणाऱ्याला तुरुंग मागा. मनाच्या डॉक्टरला सांगा, कागदावर 'वाटतं' लिहायच्या आधी विचार की तुझ्याकडे बघून नाक कोण धरतं. आणि माणसाच्या अंगावर लिहिलेली चिठ्ठी दिसेल तिथं फाडा, त्यांच्या नाकावर टिच्चून.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. त्यांनी जन्मभर आपापली नाकं दाबली, तोंडं काही उघडली नाहीत. आता आपण उघडू.