अवजारांची निगा : कानस बरी की ग्राइंडर?



तुरीचे खळे आटोपले, की आपल्या वाशिम जिल्ह्यात धुऱ्यावरच्या बाभळींकडे लक्ष जाते. पूर्वी या कामाला कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत असे. आता पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, म्हणजे चेनसॉ, खेड्यापाड्यांतही आली आहे. यंत्र आले, पण त्याची धार सांभाळायची रीत पुष्कळांना कोणी सांगितली नाही.

आमचीच फजिती ऐका. साखळी बोथट झाली म्हणून ती आम्ही तालुक्याला ग्राइंडरवर दिली. दहा मिनिटांत लखलखीत होऊन आली. पण पहिली बाभूळ अर्धी कापली नाही तोच लाकडातून धूर निघू लागला. साखळी उतरवून पाहिली, तर दातांची टोके निळी पडलेली! कानस लावावी तर ती काचेवरून सरकल्यासारखी घसरे. शेवटी नवी साखळी घ्यावी लागली.

लोहाराचा भाता पाहिलेल्या माणसाला निळ्या रंगाचा अर्थ सांगायला नको. पोलाद फार तापले, की त्याचे पाणी उतरते. मग धार कितीही काढा, टिकत नाही. कुऱ्हाड आणि विळा यांचेही तसेच. म्हणून सहाणेवर पाणी घालून धार लावायची आपली जुनी चाल खोटी नव्हती.

साखळी बोथट झाली हे ओळखायचे कसे? खाली पडणारा चुरा पाहा. ढलप्या पडत असतील तर धार ठीक. पिठासारखा भुसा पडू लागला आणि करवत हाताने दाबावी लागली, की थांबा. बोथट करवत दाबून चालवणे हे इंजिनाला वाईट आणि माणसालाही.

आता कानशीची रीत. इंजिन बंद करा, प्लगची तार काढा, हातमोजे घाला. कानस गोल हवी आणि मापाची हवी. लहान-मध्यम करवतींना बहुधा ४ किंवा ४.८ मिलिमीटरची लागते. नेमके माप साखळीच्या पाकिटावर पाहावे. पुष्कळ साखळ्यांना ३० अंशांचा कोन चालतो, दातावर त्याची खूणही असते. कानस दाताच्या आतून बाहेर, पुढेच ढकलावी. मागे आणताना उचलावी. प्रत्येक दाताला दोन-तीन हात, पण मोजून सारखे. एका बाजूचे दात संपले, की दुसऱ्या बाजूचे. दात लहान-मोठे राहिले तर काप वाकडा जातो. चार-पाच वेळा धार लावून झाली, की दातापुढचा बुटका उंचवटा पाहावा. तो दातापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असावा. तो सपाट कानशीने घासतात, पण जास्त खाली गेला तर करवत हिसके मारते.

मग ग्राइंडर टाकाऊच का? तसे नाही. खोडात रुतलेल्या खिळ्यावर किंवा धुऱ्याच्या दगडावर साखळी आदळली, दात तुटके-मुटके झाले, तर ते एकसारखे करायला ग्राइंडरच बरा. मात्र कारागिराला सांगा : चाक नुसते टेकवायचे आणि उचलायचे, दात निळा होऊ द्यायचा नाही. तो चिडला तरी चालेल, पण आपण जवळ उभे राहावे.

थोडक्यात, रोजची धार कानशीने, मोठी दुरुस्ती ग्राइंडरने. कानशीला वीज लागत नाही, ती शेतात खिशातून नेता येते, आणि दातही कमी झिजतो.

जाता जाता एक गोष्ट. १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याप्रमाणे काही जातींची झाडे स्वतःच्या शेतातलीही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. तेव्हा करवतीला धार लावण्याआधी तेवढी चौकशी करून घ्यावी.