अवजड शस्त्राची निवड

‘मॉन्स्टर हंटर’ हा खेळ तुमच्यापैकी कित्येकांच्या परिचयाचा आणि पालकांपैकी बहुतेकांच्या नावडीचा आहे. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो २००४ साली प्रथम काढला; २०२३ सालापासून त्याची एक आवृत्ती मोबाइलवरही मिळते. अक्राळविक्राळ श्वापदांची शिकार करावयाची, हे त्याचे वरवरचे स्वरूप. मला मात्र त्यातील शस्त्राच्या निवडीविषयी लिहावयाचे आहे; कारण ती बहुतेक मुले भलत्याच कारणासाठी करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोठ्या आवृत्त्यांत चौदा प्रकारची शस्त्रे असतात. त्यांतील पुरुषभर उंचीचे अवजड खड्ग दिसताच मुलाचे डोळे चमकतात. एका घावात श्वापद लोळवू, असा त्याचा हिशेब! प्रत्यक्षात खड्ग उपसले की चाल मंदावते, घाव खाली येईपर्यंत श्वापद निघून गेलेले असते आणि आमचे वीर तोंडघशी पडतात. दुसऱ्या दिवशी ते दोन हाती दोन तलवारी घेतात, तिसऱ्या दिवशी धनुष्य. महिना सरतो, विद्या एकही येत नाही.

माझे म्हणणे असे की, खड्ग टाकू नये, त्याचा धर्म ओळखावा. कळ दाबून धरली असता घावात तीन पायऱ्यांनी बळ साठत जाते. त्याहून अधिक धरल्यास ते उलट ओसरते. म्हणजे घाव आता उचलावयाचा आणि श्वापद क्षणानंतर जेथे येणार तेथे पाडावयाचा. त्यासाठी नजर शस्त्रावर नव्हे, श्वापदावर हवी. झेप घेण्यापूर्वी ते अंग कसे आखडते, शेपूट फिरविल्यावर किती वेळ थबकते, हे पाहावे. शस्त्र पाठीस लावून धावावे, जागा गाठावी, एक घाव घालावा व बाजूस व्हावे. घण घेणाऱ्याचे शास्त्र निराळे. त्याने डोक्यावरच प्रहार करीत राहावे, म्हणजे श्वापदास भोवळ येते. शेपूट तोडणे मात्र घणाचे काम नव्हे.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली राज्यशस्त्र म्हणून घोषित केलेला दांडपट्टा पाहा. त्यात हात लोखंडी आवरणात जातो, मनगट वळत नाही. म्हणून पाते फिरते ते खांदा, कंबर आणि पावले यांच्या बळावर. मर्दानी खेळांत पवित्र्यांना एवढे महत्त्व आहे ते उगीच नव्हे. फार कशाला, घरी लाकडे फोडणाऱ्यास विचारा. कुऱ्हाड आपल्या वजनानेच पडते, आपण तिला फक्त वाट दाखवावयाची.

शिकारीचा खेळ खेळून मुलांस शिकारीची गोडी लागेल, हा पालकांचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आपले कुळगी काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात वसलेले. १९७२ च्या कायद्यानंतर येथे बंदूक खांद्यावर टाकून हिंडणे ही मर्दुमकी राहिली नाही, गुन्हा झाला. हाडे नि खवले मिळावीत म्हणून तेच श्वापद पुनःपुन्हा मारावयास लावणारा या खेळाचा भाग मलाही रुचत नाही. परंतु प्राण्याची चाल वाचण्याची गोडी ही हत्येच्या गोडीहून वेगळी आहे, आणि अवजड खड्ग पहिलीच अधिक शिकविते. घाईने घाव घालणाऱ्यास ते काहीच देत नाही.

मोबाइलवरील आवृत्तीत शिकारीसाठी चालत हिंडावे लागते. शहरात ते ठीक. येथे वाटेवर खराखुरा गवा उभा असावयाचा आणि आमच्या शिकाऱ्याची मान पडद्यात खुपसलेली! तेव्हा अंगणात जे सापडेल तेवढ्यावर भागवावे. त्यात एका शिकारीस पंचाहत्तर सेकंदांची मर्यादा आहे. म्हणून मातांना माझी सूचना अशी की, “एवढी एक संपवून येतो” ही सबब त्यांनी दीड मिनिटापलीकडे ऐकून घेऊ नये.