आवाज लेकाचा, माणूस भलताच

दोन महिन्यांपूर्वी आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीने मोबाइल पुढे केला. सचिन तेंडुलकर कुठल्याशा गेमची तारीफ करत होता, मुलगीसुद्धा त्यावर रोज पैसे कमावते म्हणे! "ताई, गटातले पाच हजार लावून बघू या? सचिन कशाला खोटं बोलेल?"

सचिन खोटं बोललाच नव्हता. हा व्हिडिओ बनावट आहे, हे त्याने स्वतः १५ जानेवारी २०२४ला जाहीर केलं होतं. मुंबईत सायबर पोलिसांनी गुन्हाही नोंदवला होता. तरी तो फिरत फिरत आमच्या चिंचणीला पोचलाच.

याला डीपफेक म्हणतात. आमच्या बायकांना ते लगेच समजलं, कारण दागिन्यांचे डाय बनवणारी घरं इथे कमी नाहीत. डाय एकदा कोरला की त्यावर सोनं ठोका नाहीतर पितळ, नक्षी तीच उमटणार. कॉम्प्युटर आपल्या फोटोचा, आवाजाचा असाच डाय बनवतो आणि हवं ते वदवून घेतो.

सचिनचं ठीक आहे, त्याचं म्हणणं सगळीकडे छापून येतं. मला धास्ती आहे ती घरच्या आवाजाची. मुलं बोईसरला, मुंबईला, कुणाची दुबईला. आपण हौसेने त्यांचे व्हिडिओ स्टेटसला टाकतो. नक्कल करायला तेवढं बोलणं पुरतं. मग रात्री फोन, "आई, ॲक्सिडेंट झालाय, लगेच पैसे पाठव, बाबांना सांगू नकोस." कुठली आई थांबेल? पण थांबायचं. फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावायचा. नाही लागला तर मित्राला, शेजाऱ्यांना. आम्ही तर घरात एक खुणेचा शब्द ठरवलाय. यांनी आधी चेष्टा केली, आता तेच तो विसरतात!

आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. पैसे या खात्यातून त्या खात्यात पळत असतात, अडवायचे तर लगेचच. आपण मात्र 'घरचे काय म्हणतील' म्हणून दोन दिवस गप्प बसतो. घरचेही म्हणतात, "शिकलेली ना गं तू?" हाँगकाँगमध्ये एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर साहेब दिसले म्हणून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले, हे २०२४ साली उघड झालं. कॉलवरचे बाकीचे सगळे चेहरे बनावट होते. त्याला कोण विचारणार, शिकलेला ना रे तू?

गटाचे पाच हजार शाबूत आहेत. ती मैत्रीण मात्र पुढच्या बैठकीला आलीच नाही. तिने आधीच स्वतःचे काही लावले होते का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं मी. उद्या तिच्या घरी जाऊन येते.