कारखान्याची चाचणी ग्राहकाच्या घरी

करमणुकीचे एक यंत्र बिघडले, यात पक्षाच्या साप्ताहिकाने लक्ष घालण्यासारखे काय आहे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु उत्पादक आपल्या घाईची किंमत कोणाकडून वसूल करतो हे पाहावयाचे असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स ३६०’ या व्हिडिओ गेम यंत्राइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हे यंत्र २२ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेत विक्रीस आले. प्रतिस्पर्धी सोनीचे ‘प्लेस्टेशन ३’ बाजारात यावयास नोव्हेंबर २००६ उजाडला. म्हणजे मायक्रोसॉफ्टला एक वर्षाची आघाडी मिळाली. पण रचनेची पुरती कसोटी त्यापूर्वी लागली नव्हती. पडद्यावरील चित्रे घडविणारी चिप डीव्हीडीच्या खणाखाली बसविलेली होती. त्यामुळे तिची उष्णता शोषून घेणारा धातूचा ठोकळाही बुटकाच ठेवावा लागला. यंत्र चालू केले की चिप तापे, बंद केले की निवे. निरनिराळे पदार्थ उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. या रोजच्या ओढाताणीने चिपच्या आतील सूक्ष्म जोड तडकत, दर्शनी वर्तुळाच्या चार भागांपैकी तीन भाग लाल चमकू लागत आणि यंत्र निकामी होई.

अमेरिकेत आरंभी हमी होती अवघ्या ९० दिवसांची. डिसेंबर २००६ मध्ये ती एक वर्षाची झाली. अखेर ५ जुलै २००७ रोजी कंपनीने या विशिष्ट बिघाडासाठी तीन वर्षांची हमी जाहीर केली, ज्यांनी पूर्वी दुरुस्तीचे पैसे भरले होते त्यांना ते परत देऊ केले आणि त्यापोटी १०५ ते ११५ कोटी डॉलरची तरतूद केली. ही कृती योग्यच होती आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. बाजारपेठेचे समर्थक म्हणतील, पाहा, स्पर्धेनेच चूक दुरुस्त केली. परंतु मधल्या सुमारे वीस महिन्यांत चाचणीचे काम कोणी केले? ते ग्राहकाने केले. तेही ३०० ते ४०० डॉलर स्वतः मोजून.

याहून गंभीर मुद्दा माहितीचा आहे. कंपनीने यंत्राचे अंतरंग अनेकदा बदलले. २००७ साली मुख्य प्रक्रियक ९० नॅनोमीटरवरून ६५ नॅनोमीटरवर आला, पुढील वर्षी चित्रांची चिपही आली, आणि २०१० साली दोन्ही मिळून ४५ नॅनोमीटरची एकच चिप झाली. अशा बदलाने उत्पादनखर्च उतरतो, वीज कमी लागते आणि उष्णताही कमी होते. पण २०१० पर्यंत खोक्यावरील नाव तेच राहिले. जाणते ग्राहक मागच्या पट्टीवरील अँपिअरचा आकडा वाचून अंदाज बांधीत: १६.५ असेल तर जुने, १४.२ असेल तर मधले, १२.१ असेल तर नवे. बाकीच्यांनी काय करावे? विक्रेत्याला मालाचा दोष ठाऊक असतो आणि ग्राहकाला नसतो तेथे बाजार कसा नासतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० सालीच दाखवून दिले होते. येथे तर बिघाडाचे नेमके कारण कंपनीच्या अभियंत्यांनी मोकळेपणाने सांगितले ते २०२१ च्या माहितीपटात, यंत्राचे उत्पादन थांबल्यावर पाच वर्षांनी.

हा एकाच कंपनीचा दोष मानणे चुकीचे ठरेल. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीलाही लॅपटॉपमधील सदोष चिपांपोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते.

एक्सबॉक्स ३६० आपल्याकडेही २००६ पासून विकले जात होते. तेव्हा आपला कायदा याबाबतीत काय म्हणतो तेही पाहिले पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने रचनेतील दोषासाठी उत्पादकाला जबाबदार धरले खरे. मात्र त्यातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे झालेले नुकसान वगळलेले आहे. सदोष मालाची तक्रार करता येते, पण दोन वर्षांच्या मुदतीत. माल परत मागविण्याचा आदेश निघतो तो धोकादायक वस्तूंबाबत. तिसऱ्या वर्षी मुकाट्याने बंद पडणारी वस्तू त्यात बसत नाही.

म्हणून ग्राहक चळवळीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तीन मागण्या धरून ठेवाव्यात. यंत्राची अंतर्गत आवृत्ती खोक्यावर ठळक छापली जावी. एकाच प्रकारचा बिघाड वारंवार आढळल्यास त्याचे कारण उत्पादकाने ठराविक मुदतीत जाहीर करावे. आणि रचनेतल्या दोषाची दुरुस्ती हमीची मुदत संपल्यावरही विनामूल्य मिळावी. मायक्रोसॉफ्टपाशी शंभर कोटी डॉलर होते आणि प्रतिस्पर्धी दाराशी उभा होता, म्हणून तिने भरपाई दिली. जेथे उत्पादक लहान आहे किंवा स्पर्धाच नाही, तेथील ग्राहकाने कोणाच्या औदार्याची वाट पाहावी? ग्राहकाचा हक्क उत्पादकाच्या तिजोरीवर अवलंबून राहता कामा नये. तो कायद्यातच लिहिलेला असला पाहिजे.